वापराने टिकणारी वाट

सप्टेंबर २०२३ मध्ये पॅरिसमधील एक कार्यशाळा आटोपल्यावर मी आठ दिवसांची अर्जित रजा जोडून घेतली, लिमोज या शहरात भाड्याने सायकल घेतली आणि पूर्वेकडील मिलवाशच्या पठाराच्या दिशेने निघालो. पन्नाशी उलटल्यावर हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न घरातून विचारला गेला होताच. खडीच्या रस्त्याचे आधुनिक शास्त्र ज्या प्रदेशात आकाराला आले, तो प्रदेश खडीच्याच वाटांवरून पाहावा अशी फार दिवसांची इच्छा होती, हे त्याचे एक उत्तर. दुसरे कारण मी घरी सांगितले नव्हते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात गावाहून थोरल्या चुलतबंधूंचा फोन आला होता आणि त्यांना उत्तर देणे मी टाळत होतो. त्याविषयी पुढे लिहितोच.

सायकल होती हल्ली ज्याला 'ग्रॅव्हल' म्हणतात त्या जातीची. मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी खाली वळलेली, चाके मात्र चांगली रुंद, त्यामुळे डांबर संपून मुरूम लागला तरी उतरावे लागत नाही. नाव नवे असले तरी कल्पना जुनी आहे. सें-एतियेनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी शंभर वर्षांपूर्वीच शर्यतीसाठी नव्हे तर देश पाहण्यासाठी सायकल, हा विचार फ्रान्समध्ये रुजवला होता आणि त्या काळचे रस्ते बहुतांशी खडीचेच होते. डांबर आले, मोटारी वाढल्या आणि सायकलस्वार पुन्हा मुरमाकडे वळला, इतकेच.

फ्रान्समधील अशा शांत मार्गांपैकी काही प्रसिद्ध आहेत. नान्त ते ब्रेस्त हा ३६४ किलोमीटरचा कालवा नेपोलियनच्या काळात ठरला आणि १८४२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या काठची बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट आज सायकलींची आहे. १६६६ ते १६८१ या काळात खोदलेल्या २४० किलोमीटरच्या मिदी कालव्याचेही तसेच. तुलूझपासून पहिला टप्पा डांबरी, पुढे माती, मुळे आणि खडी. सोन-ए-ल्वार जिल्ह्यातील जिव्हरी ते क्ल्यूनी या बंद पडलेल्या लोहमार्गावर १९९७ मध्ये देशातील पहिला हरितपथ सुरू झाला. पण हे सारे मार्ग कोणाच्या तरी ताब्यातले आहेत. कालव्याला खाते आहे, हरितपथाला जिल्हा परिषद आहे, नकाशा आहे, पाट्या आहेत. मला कुतूहल होते ते या मार्गांना जोडणाऱ्या, नाव नसलेल्या वाटांचे. दोन शेतांमधून जाणारी, कडेला शेवाळलेल्या दगडांची रांग असलेली, मधोमध गवताचा पट्टा उगवलेली ती वाट कोणाची? ती अजून तेथे आहे, ती कोणामुळे?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७६१ ते १७७४ या काळात लिमोज प्रांताचा राजप्रतिनिधी होता तुर्गो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो घटत्या उत्पादनाच्या नियमाच्या संदर्भात ठाऊक असतो, प्रशासनाच्या विद्यार्थ्यांना तो फारसा शिकवला जात नाही. त्या काळी राजरस्ते वेठबिगारीने बांधले जात. पेरणी-कापणी सोडून शेतकऱ्याने बैल-गाडीसह हजर व्हायचे, मजुरी नाही. तुर्गोने आपल्या प्रांतात ही वेठ बंद करून त्याऐवजी कर बसवला आणि मजुरांना पैसे देऊन कामे करून घेतली. त्याचा मुख्य अभियंता त्रेझागे. त्याचे नाव आपल्याकडील महामार्ग अभियांत्रिकीच्या पुस्तकांत पहिल्याच प्रकरणात भेटते. खाली उभे रचलेले मोठे दगड, त्यावर लहान दगड, सर्वांत वर कठीण खडीचा पातळ थर आणि पाणी वाहून जावे म्हणून पाठीला बाक. या रचनेमुळे रस्त्याची जाडी जवळजवळ निम्म्यावर आली. स्कॉटलंडच्या मॅकॅडमचे काम यानंतरचे. आपला 'डब्ल्यूबीएम' रस्ता याच घराण्यातला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसांनी रस्त्याच्या कडेला बसून जी खडी फोडली, तिची वंशावळ अशी लिमोजपर्यंत पोहोचते.

त्रेझागेचा माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा विचार बांधणीचा नव्हे, देखभालीचा आहे. वेठीवर वर्षातून दोनदा माणसे गोळा करायची, तर तोपर्यंत खड्ड्याचे तळे होते. म्हणून रस्ता असा बांधावा की थोडक्या, पण सततच्या दुरुस्तीवर तो टिकेल, आणि ही दुरुस्ती पगारी माणसाकडे असावी, हे त्याचे सूत्र. तुर्गो १७७४ मध्ये अर्थमंत्री झाला, १७७६ मध्ये त्याने सबंध देशातील वेठ रद्द केली आणि त्याच वर्षी त्याला पदावरून जावे लागले. पाठोपाठ वेठही परत आली. सुधारणा टिकायच्या तर सुधारकही काही काळ टिकावा लागतो. असो.

खेड्यांचे जाळे विणले गेले ते मात्र २१ मे १८३६ च्या कायद्याने. गावोगावच्या वाटांसाठी प्रत्येक करदात्याकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम किंवा त्याचे मोल घेण्याची मुभा या कायद्याने दिली. त्याच सुमारास इकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची पद्धत बसवत होते. दोन्हीकडे जमीन कागदावर उतरत होती. तिकडे मोजणीच्या जोडीला वाटेच्या देखभालीची तरतूदही झाली. आपल्याकडे सरकारचे लक्ष प्रामुख्याने साऱ्यावर राहिले.

आजची फ्रेंच व्यवस्था थोडक्यात अशी. देशात सुमारे ३५ हजार कम्यून म्हणजे ग्रामपालिका आहेत. सुमारे ११ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी अंदाजे ७ लाख किलोमीटर त्यांच्याकडे आहेत. त्यांची देखभाल करणे हा त्यांच्यावरील अनिवार्य खर्च आहे आणि हे रस्ते कोणी विकू शकत नाही, कोणी वहिवाटीने गिळू शकत नाही. परंतु या ७ लाखांत न धरलेल्या आणखी वाटा आहेत. १९५९ च्या वटहुकुमाने गावरस्त्यांची वर्गवारी झाली तेव्हा ज्या त्यात बसल्या नाहीत, त्या 'शमँ रुराल' म्हणजे ग्रामवाटा. त्या ग्रामपालिकेच्या मालकीच्या, पण खासगी मिळकतीसारख्या. सर्वांना वापरासाठी खुल्या, पण देखभालीची सक्ती नाही. वापर थांबला तर जाहीर चौकशीनंतर विकता येतात. आणि शेजारच्या शेतकऱ्याने ३० वर्षे निर्वेध कसल्या तर वहिवाटीने त्याच्या होऊ शकतात.

सायकलस्वार ज्या शांततेचे गोडवे गातो ती मुख्यतः या सर्वांत दुर्बळ वाटांवरची आहे, हे मला चौथ्या दिवशी कळले.

त्या दिवशी सकाळी एमुतिये सोडून मी पठारावर चढलो होतो. सुमारे हजार हेक्टरांचा व्हासिव्हिएर जलाशय मागे पडला, जॉन्तियू गावातील ते प्रसिद्ध युद्धस्मारक पाहून झाले. स्मारकावर विजयी सैनिक नाही. युद्धाला शाप देत मूठ वळलेला एक अनाथ मुलगा आहे. पुढे नकाशावर एक बारीक रेघ होती, तिने गेलो तर बारा किलोमीटरांचा वळसा वाचणार होता. अर्धी वाट सुरेख होती. मग एकाएकी तारेचे कुंपण, पलीकडे तांबूस गायी आणि वाटेच्या जागी सलग कुरण. मी परत फिरलो, वळसा घातला आणि दुपारी त्या ग्रामपालिकेच्या कार्यालयापाशी पोहोचलो. आठवड्यातून मोजकेच दिवस उघडणारे ते कार्यालय सुदैवाने उघडे होते.

माझे फ्रेंच कामापुरते आहे. तक्रार करण्याचा माझा हेतू नव्हता, पण सेवेतल्या माणसाला दुसऱ्याचे दप्तर पाहण्याचा मोह आवरत नाही. तेथील बाईंनी गावाच्या मोजणीचा नकाशा टेबलावर पसरला. नेपोलियनने १८०७ मध्ये सुरू करवलेल्या मोजणीचा हा वारसा. वाट त्यात स्वच्छ होती. तेवढ्यात मेअर आले. आपल्या हिशेबात सरपंच. स्वतः शेतकरी, पायात चिखलाचे बूट. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि मला अनपेक्षित असा प्रश्न केला, "आपण हे लिहून द्याल का? तारीख घालून?"

मी कारण विचारले. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मी नंतर संहितेत वाचून ताडून पाहिले. ग्रामीण संहितेच्या एल १६१-२ या कलमानुसार वाट सार्वजनिक आहे हे गृहीत धरण्याचा एक आधार म्हणजे लोक तिच्यावरून ये-जा करतात हा, आणि दुसरा म्हणजे पालिकेने तिच्यावर वारंवार देखरेख वा दुरुस्ती केली हा. १९८३ च्या विकेंद्रीकरण कायद्याने जिल्ह्यांना पदभ्रमणाच्या मार्गांची यादी करण्यास सांगितले. त्या यादीत वाट असेल तर पर्यायी वाट दिल्याशिवाय ती विकता येत नाही. २१ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. ग्रामपालिकेने आपल्या वाटांची गणना करण्याचा ठराव केला की ती चालू असताना वहिवाटीचे घड्याळ थांबते. या गावाने तसा ठराव घेण्याचे ठरवले होते. परदेशी सायकलस्वाराने येथून जाण्याचा प्रयत्न केला आणि त्याला कुंपण आडवे आले, एवढा कागदही त्यांना हवा होता.

मी लिहून दिले. सरकारी नोकरीत तीस वर्षे इतरांचे अर्ज वाचले. वाटेसाठी अर्जदार होण्याचा हा पहिलाच प्रसंग.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की सामाईक वस्तू अतिवापराने नष्ट होते. चराईचे कुरण, मासळीचे तळे ही त्याची ठरलेली उदाहरणे. वाटेचे तसे नाही. तिचा पृष्ठभाग वापराने झिजतो, पण तिच्यावरचा हक्क न वापरल्याने झिजतो. पृष्ठभागाची झीज दिसते, तिचे अंदाजपत्रक होते, निविदा निघते. हक्काची झीज दिसत नाही. ती एका नांगरटीला एका तासाएवढी होते. फ्रान्समधील रस्ते व पूल खात्याचा अभियंता द्युप्वी याने १८४४ मध्ये दाखवून दिले की पुलावर पथकर लावला आणि त्यामुळे माणसे येईनाशी झाली, तर न आलेल्या माणसांना मिळाली असती ती उपयुक्तता कोणालाच न मिळता वाया जाते. ग्रामवाटेबाबत त्याच्यापुढे एक पाऊल टाकता येईल असे मला वाटते. येथे न आलेल्या माणसाबरोबर केवळ त्याची उपयुक्तता जात नाही, उद्या येणाऱ्याचा हक्कही थोडा जातो.

आता या चित्राची दुसरी बाजू. ही शांतता मुळात आली कोठून? क्रूझ जिल्ह्याची लोकसंख्या १९व्या शतकाच्या मध्यास सुमारे २ लाख ८७ हजार होती. आज ती १ लाख १५ हजारांच्या आसपास आहे. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकामाला पॅरिस-लियोंला जात. मार्तँ नादो हा त्यांतलाच. १८३० मध्ये, चौदाव्या वर्षी, तो बापाबरोबर पायी पॅरिसला निघाला आणि पुढे संसदेत पोहोचला. आधी माणसे हंगामापुरती जात, मग कायमची गेली. पहिल्या महायुद्धाने उरलेल्यांतून आपला वाटा घेतला. मिलवाशच्या माळावर आज डग्लस फरची लागवड आहे, आणि लाकडाचे ट्रक जेथून जातात तेथे मुरमाच्या वाटेत गुडघाभर चर पडतात. तेव्हा शांत मार्गांच्या रम्य वर्णनांत एक हिशेब राहून जातो. वाटांचे दाट जाळे भरल्या गावांनी विणले, आणि शांतता गावे ओस पडल्याची आहे. या दोन्हींचे श्रेय आजच्या प्रशासनाला नाही. माणसे गेल्यावरही वाट कागदावर आणि जमिनीवर जिवंत ठेवणे, एवढेच त्याचे कर्तृत्व. आणि मी पाहिले त्यावरून तेही अर्धेमुर्धेच. १९६० नंतरच्या दशकांत शेतजमिनींच्या एकत्रीकरणात तेथेही कुंपणझाडींबरोबर असंख्य वाटा गेल्या.

यावर आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. दोनशे वस्तीच्या गावाने, वर्षातून पाचदहा परक्या सायकलस्वारांसाठी, आपल्या शेतकऱ्याशी वैर का घ्यावे? आजची यंत्रे रुंद आहेत, मधली वाट त्याला अडचणीची आहे. १७८७ ते १७८९ मध्ये फ्रान्स फिरलेल्या ऑर्थर यंग या इंग्रज कृषितज्ज्ञानेही हाच सूर लावला होता. रस्ते भव्य आहेत, पण त्यांवर रहदारी नाही. मग वेठीच्या घामाने ते कोणासाठी बांधले? राजरस्त्यांबाबत यंग बरोबर होता असे मी मानतो. पण रस्ता बांधण्याचा खर्च आणि वाट न गमावण्याचा खर्च यांत फरक आहे. पहिला प्रचंड आहे. दुसरा म्हणजे एक नकाशा, एक ठराव आणि वर्षातून एक फेरी. शिवाय गमावलेली वाट परत घ्यायची तर भूसंपादन करावे लागते, आणि त्याचा भाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याची अडचण खरी असेल तर वाटेची अदलाबदल करण्याचा मार्गही २०२२ च्या त्याच कायद्याने मोकळा केला आहे. वाट सरकू शकते. फक्त तिने नाहीसे होऊ नये.

आता चुलतबंधूंच्या फोनविषयी.

आमच्या गावी, मळ्याच्या उत्तरेला, एक पाणंद आहे. खरे तर होती. माझ्या लहानपणी तिच्यातून दोन गाड्या एकमेकींना वाट देत जात. दोन्ही अंगांना निवडुंग आणि शेराची कुंपणे, पावसाळ्यात घोटाभर चिखल. पलीकडच्या चार कुटुंबांचा शेतात जायचा तोच रस्ता. आजोबांच्या नंतर दर नांगरटीला आमची बाजू हातभर सरकली. कोणी मुद्दाम केले असे नाही. कोणी थांबवलेही नाही. आज तेथून मोटारसायकल जेमतेम जाते. ऊस तोडला तर ट्रॅक्टर न्यायचा कोठून, म्हणून पलीकडच्यांनी तहसीलदारांकडे अर्ज केला. दादांचे म्हणणे होते, "तू नुसता एक फोन कर. मामलेदार कोर्टाच्या कायद्याने अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत यावे लागते. यांना तीस वर्षे झाली. वरून एक शब्द गेला की अर्ज निकाली निघेल."

दादांचा कायदा अगदीच चुकीचा नव्हता. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांची मुदत आहेच. फ्रान्समध्ये ३० वर्षे गावाच्या विरुद्ध धावतात, आपल्याकडे सहा महिने अर्जदाराच्या विरुद्ध धावतात, आणि दोन्हीकडे फायदा ज्याच्या हाती नांगर आहे त्याचा. पण आमची पाणंद गावनकाशावर दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेली आहे, हे दादांना ठाऊक होते आणि मलाही. आम्ही दोघेही लहानपणी त्याच पाणंदीतून बैलगाडीत उभे राहून शाळेला गेलो आहोत.

दादांना मी क्रूझमधूनच, एका गावच्या चर्चच्या पायरीवर बसून फोन केला. फोन करणार नाही हे सांगितले, आणि मोजणी आपणहून मागवून घ्या अशी विनंती केली. ते म्हणाले, "दिल्लीत बसून तुला काय जातंय? उसाच्या चार सऱ्या माझ्या जाणार." हेही खरे होते. माझ्या वाटणीच्या जमिनीतून तेवढे क्षेत्र त्यांना भरून द्यायला मी तयार आहे असे म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. पुढे २०२४ च्या मे महिन्यात मोजणी झाली, खुणांचे दगड बसले, आणि माझ्या वाटणीतील पट्टा त्यांच्या नावे करण्याचे कागद झाले. दादांचे माझ्याशी बोलणे अजून पूर्ववत झालेले नाही.

हे सांगण्यात मोठेपणा मिरवण्याचा हेतू नाही. उलट, इतकी वर्षे मी ही पाणंद अरुंद होताना दर सुट्टीत पाहिली आणि गप्प राहिलो, ही कबुली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत व पाणंद रस्त्यांची योजना रोजगार हमीशी जोडून आणली, तिचे स्वागतच आहे. पण योजनेचे मोजमाप किती किलोमीटर खडीकरण झाले यावर होते. किती वाटा नकाशावर होत्या आणि आज जमिनीवर किती आहेत, ही गणना आधी व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. खडी पुढच्या वर्षीही टाकता येईल.

हे लिखाण वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच गावाबाहेर आहेत. कोणी दिल्लीत, कोणी बंगळुरूत, कोणी समुद्रापलीकडे. आपण निघून आलो म्हणून आपल्या गावच्याही काही वाटा शांत झाल्या आहेत. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा तलाठी कार्यालयातून गावनकाशा पाहून घ्या, आणि त्यातील एक तुटक रेषा निवडून तिच्यावरून शेवटपर्यंत चालून या. मध्येच कुंपण लागले तर तारीख घालून तसे लिहून द्या.